काखेतील गाठी आणि कष्टकरणीचा हात



स्तनाच्या कर्करोगाविषयी भर सभेत बोलावे, आणि तेही एका कामगार कार्यकर्त्याने, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी डॉक्टर नाही. शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे वाचनालयाच्या बाकावर बसून केलेले. पण विडी वळणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, मठांतून आणि भक्तनिवासांतून धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या प्रश्नांत ज्याची उमर गेली, त्याला हा विषय टाळता येत नाही. या रोगाचे निदान झाले म्हणजे बाई प्रथम विचारते, "जीव वाचेल का?" आणि लगेच दुसरा प्रश्न विचारते, "हात चालेल का?" पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची फारशी होत नाही. आजचे माझे विवेचन या दुसऱ्या प्रश्नासंबंधी आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत शस्त्रवैद्यांनी या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत नेले, आणि त्या बदलाचा लाभ आपल्या पंढरपूर तालुक्यातील बाईला केव्हा मिळू शकतो, एवढे समजावून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

स्तनाच्या रोगाचा हाताशी संबंध काय? तो संबंध काखेत आहे. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक बारीक नळ्यांचे जाळे असते आणि त्यातून पाण्यासारखा पातळ द्रव वाहतो. त्याला लसीका म्हणतात. रक्तातून जे पाणी मांसात पाझरते, त्यातले उरलेले पाणी गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे या जाळ्याचे काम. वाटेत जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान लहान गाठी असतात. द्रव त्यांतून गाळून पुढे जातो आणि त्याबरोबर आलेल्या रोगजंतूंशी तेथे सामना होतो. पायात काटा मोडून पू झाला की जांघेत अवधाण येते, ते या गाठींचेच सुजणे होय. काखेतही अशा बऱ्याच, सामान्यतः वीस-तीस, गाठी असतात. स्तनातील बहुतेक लसीका काखेत उतरते, आणि हाताची लसीकाही तेथूनच जाते. दोन शेतांचे पाणी एकाच ओढ्याला मिळावे, तसा हा प्रकार आहे. एका शेतासाठी ओढ्यात खोदकाम केले, तर दुसऱ्या शेताचा निचराही बिघडणार. सगळी अडचण येथे आहे.

स्तनातील कर्करोगाच्या पेशी लसीकेबरोबर वाहत जाऊन काखेतील गाठींत रुजू शकतात, हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम हॉल्स्टेड नावाचे नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांनी १८९४ साली आपल्या पन्नास रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची विचारसरणी अशी : रोग एका जागी सुरू होतो, तेथून क्रमाने काखेत जातो, आणि काखेचा बांध फुटला म्हणजे मग सर्व शरीरात पसरतो. तेव्हा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व गाठी असे सगळे एकदम काढून टाकले, तर रोगाचे मूळच उपटले जाईल. त्या काळच्या मानाने त्यांना यशही आले. जखमेच्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत फार कमी झाले. त्यामुळे पुढे साठ-सत्तर वर्षे हीच शस्त्रक्रिया जगभर प्रमाण मानली गेली. आपल्याकडे मुंबईत परळच्या गिरणगावात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. त्याच्या बाजूच्या रस्त्याला आज ज्यांचे नाव आहे, ते गोमंतकीय शस्त्रवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या पिढीने शस्त्र हाती घेतले तेव्हा सर्व जगात याच शस्त्रक्रियेचा बोलबाला होता.

या शस्त्रक्रियेने अनेक बायांचे प्राण वाचले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण तिची किंमत हाताने चुकवली. कालव्याखालच्या ज्या शेतांचे जुने ओढे आणि चर बुजवले जातात, त्या शेतांचे काय होते हे उजनीच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. पाणी येते, पण निघून जात नाही. जमीन चिबड होते. काखेतील सर्व गाठी काढल्यावर हाताचे तसेच होऊ शकते. हात सुजतो, जड होतो, बांगडी मनगटात रुतते, लहानशा जखमेनेही लाल होऊन ताप भरतो. हत्तीरोगात पाय ज्या कारणाने सुजतो त्याच जातीचे हे कारण : लसीकेची वाट अडणे. ही सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येऊ शकते, तशी काही वर्षांनीही येऊ शकते. आणि एकदा पक्की झाली की आटोक्यात ठेवता येते, पण सहसा पूर्ण जात नाही. यावर आजवर झालेल्या अभ्यासांचा गोषवारा असा की, काखेतील गाठी पूर्ण काढलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे वीस जणींना ती येते. काखेवर किरणांचे उपचारही झाले असतील तर धोका वाढतो. शिवाय दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो आणि खांदा आखडतो, तो वेगळाच.

टेबलाशी बसून काम करणाऱ्या व्यक्तीला हा त्रास होतोच. पण दिवसाला शेकड्यांनी विड्या वळणारी बाई दोन्ही हातांच्या बोटांवर जगते. उसाची मोळी डोक्यावर चढवावयाची तर दोन्ही दंड खांद्यावर जावे लागतात. तिच्या बाबतीत हात गेला म्हणजे रोजगार गेला. म्हणून "किती गाठी काढल्या?" हा प्रश्न माझ्या दृष्टीने मजुरीचाही प्रश्न आहे.

एवढे सगळे काढणे खरोखर आवश्यक आहे काय, ही शंका पहिल्याने आली ती विसाव्या शतकाच्या मध्याला. १९४८ साली लंडनच्या पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू न काढताही तेवढेच काम होते असे दाखविले, तर एडिंबरोच्या मॅक्व्हर्टर यांनी फक्त स्तन काढून काखेवर किरणांचे उपचार करण्याचा मार्ग मांडला. पण शंकेने भागत नाही, मोजमाप लागते. ते मोजमाप अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९७१ ते १९७४ या काळात सुमारे सोळाशे पासष्ट स्त्रिया त्यांच्या अभ्यासात सामील झाल्या. ज्यांच्या काखेत हाताला गाठ लागत नव्हती अशा स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन गट केले. एका गटात हॉल्स्टेड पद्धतीची संपूर्ण शस्त्रक्रिया. दुसऱ्यात फक्त स्तन काढून किरणांचे उपचार. आणि तिसऱ्यात फक्त स्तन काढणे, काखेला मुळीच हात न लावणे, पुढे कधी गाठ वाढली तर तेव्हा ती काढणे. पंचवीस वर्षे या स्त्रियांची विचारपूस चालू होती. २००२ साली जो अंतिम हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात तिन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत लक्षणीय फरक आढळला नाही.

यातली एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या गटातील शंभरापैकी सुमारे चाळीस स्त्रियांच्या काढलेल्या गाठींत रोग सापडला होता. चिठ्ठ्या टाकून गट केलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही तेवढ्याच जणींच्या काखेत रोग असलाच पाहिजे, आणि तो तसाच ठेवलेला होता. तरीही त्या गटात पुढे काखेत गाठ वाढून ती काढावी लागली अशा स्त्रिया शंभरात अठरा-एकोणीसच निघाल्या. आणि थांबल्यामुळे त्यांच्या आयुष्याचे मोजता येण्यासारखे नुकसान झाले नाही. यावरून फिशर यांनी जो निष्कर्ष काढला तो हॉल्स्टेड यांच्या बरोबर उलट होता. काख हा रोग अडविणारा बांध नव्हे. जो रोग शरीरात पसरावयाचा तो पुष्कळदा रक्तातून आधीच निघालेला असतो. काखेतील गाठ त्याची बातमी देते. ती गाठ कापल्याने निघून गेलेला रोग परत येत नाही. त्याच्यासाठी सर्व शरीरात पोहोचणारी औषधे हवीत.

मग गाठींना हातच लावू नये असे का म्हटले नाही? कारण बातमीचीही गरज असते. गाठींत रोग आहे की नाही आणि किती गाठींत आहे, यावर पुढे कोणते औषध द्यावयाचे आणि किरणांचे उपचार करावयाचे की नाही, हे पुष्कळसे ठरत असे आणि अजूनही ठरते. तेव्हा प्रश्न असा उरला की, काखेची नासाडी न करता बातमी कशी मिळवावी?

त्यासाठी निघालेली युक्ती साधी आहे. शेतात मुरलेले पाणी कोणत्या चरात प्रथम उतरते हे पाहावयाचे असेल, तर वरच्या अंगाला नीळ कालवून ओतावी आणि खाली कोठे निळे पाणी दिसते ते पाहावे. शस्त्रवैद्य स्तनात निळा रंग, किंवा अल्प किरणोत्सर्गी द्रव्य, किंवा दोन्ही टोचतात. काखेतील ज्या एक-दोन गाठी प्रथम निळ्या होतात किंवा ज्यांच्यावर यंत्र आवाज देते, त्या पहाऱ्यावरच्या गाठी. पूर्वी गावात माल यावयाचा तो जकात नाक्यावरून. नाक्यावरच माल आलेला नसेल, तर पेठेतील प्रत्येक दुकान धुंडाळण्याचे कारण नाही. पहाऱ्याची गाठ काढून तपासली आणि ती निर्मळ निघाली, तर बाकीच्या काखेला धक्का लावावयाचा नाही. स्तनाच्या रोगात निळ्या रंगाचा असा उपयोग अमेरिकेच्या जुलियानो यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी २००३ साली, आणि पुढे २०१० साली अमेरिकेतील पाच हजार सहाशेंवर स्त्रियांच्या अभ्यासाने असे दाखविले की, ज्यांची पहाऱ्याची गाठ निर्मळ आहे त्यांच्या उरलेल्या गाठी न काढल्याने आयुष्य कमी होत नाही. हात सुजण्याचे प्रमाण मात्र शंभरात विसावरून पाच-सहावर आले.

त्यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. पहाऱ्याच्या एक-दोन गाठींत रोग सापडलाच, तरी उरलेल्या सर्व काढल्या पाहिजेत काय? ज्यांचा स्तन राखून फक्त रोगाची गाठ काढली होती, आणि ज्यांना किरण व औषधे मिळणार होती, अशा स्त्रियांचा अभ्यास अमेरिकेत झाला. २०१७ साली त्याची दहा वर्षांची आकडेवारी आली : पहाऱ्याच्या गाठींवरच थांबलेल्या गटात दहा वर्षांनी शंभरात ८६ स्त्रिया जिवंत होत्या, सगळ्या गाठी काढलेल्या गटात ८४. म्हणजे थांबल्याने काही बिघडले नाही. २०१४ साली युरोपातील दुसऱ्या अभ्यासात काख कापण्याऐवजी तेथे किरणांचे उपचार केले. रोगाचा बंदोबस्त दोन्हीकडे सारखाच झाला. पण पाच वर्षांनी हात सुजलेल्या स्त्रिया कापलेल्या गटात शंभरात २३, तर किरणांच्या गटात ११ होत्या.

येथे आपल्या देशाची गोष्ट सांगितली पाहिजे. किरणोत्सर्गी द्रव्य, ते हुडकणारे यंत्र, ते वापरण्याचा परवाना, हे सर्व महाग आहे आणि मोठ्या शहरांतील थोड्या रुग्णालयांत सापडते. परदेशातील सोय आपल्याकडे नाही, म्हणून आपल्या बायांच्या काखा पूर्वीप्रमाणेच पूर्ण उघडत राहावयाचे काय? परळच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे, डॉ. इंद्रनील मित्रा प्रभृतींनी याला वेगळे उत्तर शोधले. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूस जाणारा एक मज्जातंतू आहे. तो शस्त्रवैद्याला डोळ्यांनी दिसतो. त्याच्या खालच्या भागातील चरबी आणि गाठी तेवढ्या एकत्र काढून तपासावयाच्या आणि वरच्या भागाला हात लावावयाचा नाही, अशी ही पद्धत आहे. तिला रंग नको, यंत्र नको. शरीराची रचना जाणणारा हात पुरे. ज्यांच्या काखेत गाठ लागत नव्हती अशा पावणेपाचशेच्या सुमारास स्त्रियांमध्ये त्यांनी ही पद्धत आणि पहाऱ्याच्या गाठीची पद्धत एकमेकींशी ताडून पाहिली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाठींत रोग असूनही तो निसटून जाण्याचे प्रमाण रंग व यंत्राच्या पद्धतीत शंभरात १२.७, तर या साध्या पद्धतीत १०.५ आढळले, म्हणजे दोन्ही पद्धती जवळपास सारख्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शस्त्रवैद्यालाही जमेल असे हे तंत्र आहे. संशोधन परळचे असो की मिलानचे, ते गरीब बाईच्या परिस्थितीला लागू पडते काय, ही कसोटी येथे कोणीतरी मनापासून लावली, याचे मला मोठे अगत्य वाटते.

अगदी अलीकडे गोष्ट याहूनही पुढे गेली आहे. २०२३ साली इटलीतून आणि २०२४ च्या अखेरीस जर्मनीतून आलेल्या दोन अभ्यासांनी असे दाखविले की, रोगाची गाठ लहान असेल आणि सोनोग्राफीत काख निर्मळ दिसत असेल, तर निवडक स्त्रियांच्या काखेवर कोणतीही शस्त्रक्रिया न करताही पाच वर्षांनंतरचे निकाल तितकेच चांगले असतात. जर्मनीच्या अभ्यासात जवळजवळ पाच हजार स्त्रियांचा हिशेब होता.

आता या चित्राची दुसरी बाजू. मी आतापर्यंत जे सांगितले ते बहुतेक सगळे अशा स्त्रियांविषयी आहे, ज्यांच्या काखेत उपचारापूर्वी रोगाची गाठ हाताला लागत नव्हती. जिच्या काखेत गाठींचा घड झाला आहे, तिला आजही पुष्कळदा सर्व गाठी काढाव्या लागतात. अशा वेळी हल्ली बहुधा आधी औषधे देतात. औषधांनी काख निर्मळ झाली तर काहींच्या बाबतीत थोड्या गाठी काढून भागते, सर्वांच्या बाबतीत नव्हे. तेव्हा कोणी "आता काखेचे ऑपरेशन लागतच नाही" असे ऐकून घरी बसेल, तर तो मोठा अनर्थ होईल. कमी कापण्याची सवलत लवकर येणारीला मिळते. आपल्याकडे बाया उशिरा येतात. त्यात लाज असते. गाठ दुखत नाही म्हणून हयगय असते. आणि बुडणाऱ्या रोजाची भीती सर्वांत मोठी असते. गळीत हंगामात फडावर असलेली बाई एका दिवसासाठी तालुक्याला येत नाही, ती अज्ञानापेक्षा मुकादमाच्या उचलीपायी येत नाही.

लवकर येण्यासाठी मोठे यंत्रच पाहिजे असेही नाही. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत, थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. २०२१ साली वीस वर्षांचे फलित प्रसिद्ध झाले. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू शंभरात जवळजवळ तीसने घटले. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही याचा धडा आहे. बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. देशातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. तिचे कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन नोंदी घेत आणि त्याबरोबर लोकांना लक्षणेही समजावून देत. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. केवळ बोलण्याने एवढे घडते. मग स्तनाच्या रोगाबद्दल आपण का बोलू नये?

भगिनींनो, शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर दुखण्याची वाट पाहू नका. निदान झाल्यावर डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारा : माझ्या काखेची सोनोग्राफी झाली काय? पहाऱ्याची गाठ किंवा काखेचा खालचा भाग तेवढा तपासून भागेल काय? सगळ्या गाठी काढावयाच्या असतील तर कोणत्या कारणासाठी? असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. निर्णय मात्र त्या त्या रुग्णाची अवस्था पाहून त्यांच्याच सल्ल्याने घ्यावयाचा. शस्त्रक्रियेनंतर सांगितलेले खांद्याचे व्यायाम टाळू नका. अशा बाईने जन्मभर वजन उचलू नये, असे पूर्वी सर्रास सांगत. २००९ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेले तर सुजलेल्या हाताची सूज वाढत नाही, असे आढळले. याचा अर्थ दुसऱ्याच दिवशी मोळी उचलावी असा नाही; पण हात कायमचा निकामी झाला असेही मानू नये. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तिची चौकशी रुग्णालयातच करावी.

आणि माझ्या बंधूंना, विशेषतः मुकादम, कारखानदार आणि संघटनेच्या पुढाऱ्यांना, माझे सांगणे आहे. तपासणीचा एक दिवस बाईचा रोज न कापता तिला द्या. शस्त्रक्रियेनंतर हात रुळेपर्यंत हलके काम द्या. आपण बोनससाठी मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण मागण्यांच्या कागदावर ही दोन कलमेही येऊ द्या. शास्त्राने सव्वाशे वर्षे खपून बाईचा हात वाचविण्याची सोय केली आहे. ती सोय वेळेवर येणारीलाच मिळते, आणि तिला वेळेवर येऊ देणे हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.